आठ हजार ऐंशी

बाजार समितीच्या काटाघरामागं एक खोली आहे,
पूर्वी तिथं सुतळीचे बिंडे ठेवत.
आता एक सर्व्हर, एक टेबलफॅन, आणि मी.
फॅनचं तोंड सर्व्हरकडे.

बाहेरच्यांना आमचा एकच पत्ता ठाऊक.
त्या पत्त्यावर वेबसर्व्हर बसलेला असतो.
वजनाचं काम आलं की आठ हजार ऐंशीवर धाडतो,
हिशेबाचं आलं की एक्क्याऐंशीवर,
मोबाइलवाली पोरं आली की ब्याऐंशीवर.
आत तिघं, एकाच नावाचे, तीन वयांचे,
एकमेकांचं तोंड न पाहता नांदणारे.

पहिला जुना. जावा सहा.
त्याची पावती दुसऱ्या कुणाच्या पडद्यावर उघडली
तर नुसते चौकोन आणि टिंबं.
पण साठ टनी काट्याशी बोलावं ते त्यानंच.
मधला हुशार, फक्त दर शनिवारी
बारा पैसे कुठंतरी सांडून येतो.
सभापती म्हणाले, मडावी मॅडम, बारा पैशासाठी काय उकरता?
मी उकरलं. अजून उकरतेच आहे.
तिसऱ्याला सगळं येतं.
लाइट गेली की उठायला सगळ्यात उशीर त्यालाच.

गेल्या हंगामात मी बंद करायची स्क्रिप्ट नक्कल केली
आणि एक आकडा बदलायचा राहिला.
नव्याला म्हटलं, थांब.
जुना थांबला.
हूं नाही, चूं नाही.
काट्यावर कापसाचे बावीस ट्रॅक्टर,
पडद्यावर पाचशे दोन,
खिडकीतून एक डोकं आत:
"काहून वो मॅडम, काटा निजला का काय?"
तेव्हापासून प्रत्येकाचा 'थांब' ऐकायचा कान वेगळा.
भिंतीवर कागद डकवला आहे:
आठ हजार पाच, सहा, सात.

यंदा नवा काटा बसला. तो तिसऱ्याशीच बोलतो.
जुन्याचा लॉग उघडला, म्हटलं रिकामा असेल.
दर दहा मिनिटांनी एक विनंती,
रात्रंदिवस, रोहण्याच्या उपबाजारातून,
जो दोन वर्षं बंद आहे.

स्कूटीनं गेले. चौदा किलोमीटर, सगळे धुरे जाळलेले.
गोदामाचं दार नुसतं लोटलेलं.
आत एक कॉम्प्युटर, त्यावर भावफलक:
भाव तेव्हाचे, घड्याळ आत्ताचं.
समोर इस्तारी चौकीदार, डबा उघडून.
भाकर, अंबाडीची भाजी.
"हे कोण वाचते?"
"कोणीच नाही. बल्ब उडला तवापासून
याच्याच उजेडात जेवतो मी."
"पान बंद झालं तरी उजेड राहीलच की."
"हाव, राहीन ना.
पण मंधामंधात ते हालते.
तिकडं कोणी जागं हाय, असं वाटते."

परत येऊन आज्ञा लिहिली. आठ हजार पाच.
एंटर दाबलं नाही म्हणाले तर खोटं होईल.
दाबलं.
मग खुर्चीत बसून राहिले, घड्याळाकडे बघत,
आणि दहा मिनिटं व्हायच्या आत पुन्हा चालू केला.
मेमरी तेवढी कमी करून दिली आहे.

बल्बचा अर्ज तिसऱ्यावर भरला.
प्रलंबित दाखवतोय.