विरजण

धुळ्याचं सगळं आमच्याकडे येतं.
भरताच्या परातीची धुवणी, दाढीचा फेस,
गरोदर सुनेची पहाटेची उलटी,
देवांच्या अंघोळीचं तीर्थ,
कुणी दार लावून धुतलेलं रक्त.
पांझरेच्या खालच्या अंगाला
एका रुंद पायपातून येतं, न विचारता,
आणि पहिल्या जाळीपाशी मी उभी असते.

जाळीत अडकतात चिंध्या, शाम्पूच्या पुड्या,
बाहुलीचा हात. एकदा चांदीचं जोडवं.
धुऊन खिडकीत ठेवलंय.
तीन वर्षं झाली, न्यायला कुणी आलं नाही.

पुढे वाळू बसते. त्यापुढे गोल टाकी,
तिथे पाणी चालायचं विसरतं,
जड ते तळाला जातं, तूप वर येतं.
आणि मग ती मोठी टाकी,
जिच्याजवळ शांताराम बेडसे आवाज खाली घेतो,
पाळण्याजवळ घ्यावा तसा.
तळातून हवा सुटते, तपकिरी पाणी उकळल्यागत हलतं.
"त्यास्ले हवा लागस, बाई," तो म्हणतो.
त्यास्ले म्हणजे जिवाणूंना.
घाण खातात, एकमेकांना धरून गोळा होतात,
जड होतात, बसतात. एवढंच.
सगळं शहर एवढ्याच्या भरवशावर झोपतं.

प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल.
सूक्ष्मदर्शकाखाली मी रोज एकीला शोधते:
देठावर डुलणारी घंटी,
वासराच्या गळ्यात बांधावी एवढीशीसुद्धा नाही.
ती डुलत असली की चहा प्यायचा.

फेब्रुवारीत एका पहाटे पाणी मोरपंखी आलं.
कुठल्या तरी मुलामा देणाऱ्या कारखान्याने
रात्रीतून आपला हौद रिकामा केला होता.
दुपारपर्यंत टाकीवर पांढरा फेस,
आणि ओल्या मातीचा आमचा नेहमीचा वास
नासक्या अंड्याचा झाला.
काचेखाली देठ होते. घंट्या नव्हत्या.
"मरनात सम्दा," शांताराम म्हणाला,
आणि ब्लोअर तरीही बंद करेना.

नऊ दिवस पाणी आमच्यातून नुसतं गेलं.

सहाव्या दिवशी वाल्मीक भोई सायकलवर आला.
फाटकापाशी टोपली ठेवली. पोटं वर केलेले मासे.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
त्याला काय सांगणार होते मी?
की नदीतही हेच जिवाणू असतात, हीच घाण खातात,
फक्त तिथे त्यांना ब्लोअर नसतो,
ती हवा ते माशांच्या वाट्यातून घेतात.
आम्ही जे वीजबिल भरून करतो
ते नदी आपला श्वास मोडून करते,
इथून थेट मुडावदपर्यंत, तापीच्या पदरात पडेतो.
बोलले नाही. टोपली धुऊन परत दिली.

मग शेजारच्या जिल्ह्यातल्या प्लँटवरून
इस्माईल पिंजारी टँकर घेऊन आला,
आत त्यांचा जिवंत गाळ, काळपट, दाट.
"वास असा की गाडी पळवावीशी वाटे," तो म्हणाला,
"पण हळूच आणली. आत जीव आहेत म्हणालात ना."
नळी टाकीत सोडली.
आपलं नासलं म्हणून शेजारणीकडून
वाटीभर विरजण आणावं, तसंच हे.
त्या रात्री थंडी होती. आई दह्याच्या गंजाला
शाल गुंडाळायची. टाकीला काय गुंडाळणार?
शांताराम काठावर घोंगडी घेऊन बसला, स्वतःच.

वाळलेला गाळ नेहमीचे शेतकरी मागायला आले.
या खेपेचा देणार नाही, म्हटलं, त्यात तो मुलामा आहे.
पुढच्या वर्षी बघू. तेही कपाशीला. वांग्याला नाही.
कुरकुरत गेले.

अकराव्या सकाळी काचेखाली एक घंटी.
एकच. वाकडी. पण डुलणारी.

लिटरच्या नळकांड्यात नमुना भरला,
घड्याळ लावलं, अर्धा तास हात लावला नाही.
गाळ हळूहळू खाली उतरला, 
दमलेला माणूस खाटेवर टेकतो तसा.
वरचं पाणी इतकं निवळ
की त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं.
मंगळवार होता.