ब्याड

तायी कार्डावर सगळं लिहिलेलं होतं,
वजन, रक्त, गोळ्या, शेवटच्या पाळीची तारीख,
सगळं कन्नडात,
भिजत घातलेल्या वाटाण्यासारखं गोल गोल.
त्यातलं माझं नाव तेवढं मी ओळखायची.

रात्री अडीचला यल्लाप्पानं रिक्षा आणली.
जांबोटीपासनं मी रस्त्यावरच्या मोऱ्या मोजत होते.
सतरापर्यंत मोजल्या,
मग कळ आली आणि आकडा हरवला.

खानापूरच्या दवाखान्यात मला उताणी केलं.
पाय इथं. हात तिथं.
बांगड्या काढ. बोंबलू नको.
बोलणी माझ्या अंगावरनं इकडून तिकडं चालली होती.
एक कागद दारातनं बाहेर गेला
आणि यल्लाप्पाची सही घेऊन परत आला.
नंतर विचारलं त्याला, कशावर केलीस सही?
म्हणाला, बोट दाखवलं तिथं.

आमची शेवंती गाय वेताला आली की
सासू गोठ्यातला कंदील बारीक करते,
कुणाला बोलू देत नाही.
उभी राहू दे म्हणते, तिचं तिला कळतंय.

ट्रेमध्ये कात्री वाजली.
तेव्हा तोंडातनं निघालं: ब्याड.
बाजारात शिकलेला शब्द,
कोथिंबिरीची जुडी परत ढिगावर टाकताना म्हणायचा.
ब्याड. नको.
आणखी एकदा, मोठ्यानं.

शिवलीला सिस्टर थांबली.
खाटच बोलली असावी
तसं बघितलं तिनं माझ्याकडं.
मग मोडक्या मराठीत,
"मग काय पायजे, तायी?"

तायी म्हणजे त्यांच्यात आई.
मला ऐकू आलं ताई.
दोन्ही चाललं असतं.

काय पाहिजे.
उत्तर तयार नव्हतं माझ्याकडं,
साडीच्या दुकानातसुद्धा कधी लागलं नव्हतं.
कळ आली, गेली.
म्हटलं, उठायचंय.
खिडकीचा गज धरायचाय.
आणि काय कराल ते आधी सांगा.

गज गार होता. गंज तळहाताला लागला.
बाहेर बेळगावची पहिली बस
बराच वेळ गुरगुरत उभी होती.

शेवटी कात्री लागलीच, थोडी.
पण आधी तिनं सांगितलं
कुठं, किती, कशासाठी,
आणि माझ्या मानेकडं बघत थांबली
ती हलेपर्यंत.

मुलगी. अडीच किलोला जरा कमी. टाके दोन.
कार्डावर हे सगळं आलं.
मानेला रकाना नव्हता.
मी पेन मागून घेतलं
आणि कडेला मराठीत लिहिलं: विचारलं होतं.
सिस्टर म्हणाली, तिथं लिहायचं नसतं.
लिहून झालं होतं.