छाट

विडी घरकुलात नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आणि इकडे केगावच्या प्रयोगशाळेत माझ्यापुढे
बंगालच्या उपसागराचा तळ, उभा चिरलेला,
प्लॅस्टिकच्या अर्ध्या नळीत,
गार, राखाडी, कुजका वास येणारा.
सोलापुरात समुद्र एवढाच.

सेंटिमीटरला शंभर वर्षं, असा ढोबळ हिशेब.
एकेक सेंटिमीटर सुरीनं काढते,
चाळणीत धुते. चिखल जातो, उरतात
रव्याहून बारीक कवचं,
एका पेशीच्या जिवांची रिकामी घरं.
ओल्या कुंचल्याच्या टोकावर
एकेक उचलायचं.
मोडकं नको, पोटात चिखल भरलेलं नको,
पिवळं पडलेलं नको.
तीस चांगली झाली की पुढची कुपी.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
अम्मा विड्या वळते, दिवसाला हजार.
कारखान्यात मुनीम कट्टा उलगडतो
आणि न बघताच बाजूला सारतो :
ही छाट, ही छाट, ही पण.
छाटीची मजुरी नाही. बोटं तेवढीच दुखलेली.

कवचं पुण्याला जातात.
आम्लात विरघळून वायू होतात, आणि यंत्र त्यातला
जड ऑक्सिजन हलक्यापासून वेगळा मोजतं.
नद्या भरून आल्या तर कवचात हलका जास्त.
नद्या आटल्या की जड वाढतो.
मॅग्नेशियम सांगतं, पाणी किती कोमट होतं.
चिखलातलं नियोडिमियम सांगतं, चिखल कुणाचा.
हत्तुरे मॅडम म्हणाल्या, हा थर बघ,
दख्खनच्या कातळाचा आहे. तुमच्या भीमेचा माल.

म्हणजे इथली काळी माती
भीमेतून कृष्णेत, कृष्णेतून आंध्राच्या किनाऱ्यापार.
आणि आमचे खापरपणजोबा उलटे,
करीमनगराकडून, एका दुष्काळात,
धोटा पंचात गुंडाळून पायी इकडं.
दोघांची कुठंतरी गाठ पडली असणार,
एखाद्या उतारावर, गुडघाभर गढूळ पाण्यात.

तो दुष्काळ मी शोधला.
असायला हवा वरून दीड सेंटिमीटरवर,
केसाएवढ्या जाडीचा.
पण समुद्राच्या तळाला किडे राहतात,
बिळं करतात, वरचं खाली नेतात, खालचं वर.
चार हजार वर्षांमागची अवर्षणं,
शतकंच्या शतकं चाललेली,
आलेखावर डोंगरासारखी उभी आहेत.
आमचं एक वर्ष दिसत नाही.
दोन पोरं वाटेत गेली, एवढंच ज्याच्याबद्दल
घरात माहीत आहे, ते वर्ष
किड्यांनी सरासरीत घालून टाकलं.

एका रविवारी अम्माला घेऊन गेले.
चष्मा पदरात ठेवून ती भिंगाला डोळे लावून बसली
ती बसलीच.
मग न विचारता कुंचला घेतला,
कोपऱ्यातलं एक कवच बाजूला सारलं.
"छाट."
मी मोठं करून पाहिलं : शेवटच्या कप्प्याला चीर.
मी ते चांगल्यात धरलं होतं.

"हजाराला किती देतात?"
मी सांगितलं, हजारावर नाही, महिन्यावर.
ती हसली. हसता हसता खोकला आला, बराच वेळ,
ताटलीवरून तोंड फिरवून,
पदर दोन्ही हातांनी दाबून.
"उडून जातील ना गं तुझी घरं."

आज पाचवा दिवस. रात्री दीडला नळ सुटला.
पहिल्या दोन घागरींना नेहमी गाळ.
अम्मा तुरटी फिरवते, पायरीवर बसून राहते,
वरचं पाणी अलगद दुसऱ्या घागरीत घेते.
तळाला बोटभर राखाडी उरतं.

फेकू नकोस, मी म्हणते.
ती फेकते,
जिन्याखालच्या कढीपत्त्याच्या बुडाशी.