आणखी एक फेरी

वाळपईच्या सभागृहात मास्तरांच्या मागच्या रांगेत
आम्ही दोघे, बालरथाचे चालक.
कुणीतरी विचारलंच, तुम्ही कशाला?

ग्लेनिसबाई म्हणाल्या,
मूल गप्प राहिलं तर मनात दहा मोजा.
तोवर सल्ला नको.
"आमच्या वेळी" तर नकोच.

मग जोड्या लावल्या.
गणिताचे झर्मेकर सर झाले मास्तर, मी मूल.
सेहेचाळीस वर्षांचं, मिशीवालं.
काय झालं रे? सरांनी विचारलं.
काहीतरी गमतीचं बोलणार होतो,
तर आठवला यतीन, शेवटच्या सीटवरचा,
जो गणपतीपासून आपल्या थांब्यावर उतरत नाही.
काका, आणखी एक फेरी.
आणि मी दर वेळी:
उतर, डिझेल तुझो बापूय घालता?

सर मोजत होते, ओठ हलत होते त्यांचे.
सहा. सात.
बाहेर पोदेराचा भोंगा वाजून गेला.
मी मान वर केली नाही.

सोमवारी केरीच्या वळणावर
बाकीची पोरं उतरली. इंजिन बंद केलं.
आरसा वर फिरवला, त्याला बघू नये म्हणून.
दहा झाले. वीस.
पुढचं काय शिकवलं होतं, आठवेना.
बत्तिसाला
तो एक सीट पुढं आला.