तिसऱ्या शिफ्टचं इंग्रजी

शहापुरात, मिठाईवाल्याच्या माडीवर,
संध्याकाळी सहा ते साडेसात.
फाउंड्रीनं पैसे भरले म्हणून आम्ही दोघे,
मी आणि महांतेश हुक्केरी.
बाकी नर्सिंगच्या चार पोरी,
आणि हवालदार मोनाप्पा बिर्जे, रिटायर्ड,
ज्यांची नात डब्लिनला आहे
आणि नातजावयाला मराठी येत नाही.

ऑलिंडा मिस म्हणाल्या, नुसते शब्द पाठ करू नका.
शब्द एका घरात, अर्थ दुसऱ्याच गल्लीत राहतो.
आम्हाला हे नवीन नव्हतं.
'येतो' म्हणून जातोच की आम्ही रोज.

पीस ऑफ केक म्हणजे अगदी सोपं.
खालून खव्याचा करपट गोड वास येत होता.
दुपारपासून कढईपुढे उभा इराप्पा
खांद्यातून कुंदा ढवळत होता.
मिठाई सोपी असते हे
खाणाऱ्यांनी ठरवलं असणार.

चहाच्या पेल्यातलं वादळ तर आपलंच, मी म्हणालो.
नाही हो, तेही बोटीतून आलंय.
पांढरा हत्ती? तोही.
हिमनगाचं टोक?
मग माझं मलाच हसू आलं,
बेळगावात हिमनग कुणी पाहिलाय.

बाइट द बुलेट.
भुलीचं औषध नव्हतं तेव्हा
जखमी शिपायाच्या दातांत गोळी द्यायचे म्हणे.
मिसनी फळ्यावर अर्थ लिहिला : निमूट सोसणे.
हवालदार वहीत उतरवत होते, वळणदार अक्षरात.
मान वर न करता म्हणाले,
"आमाला टॉवेल दिलता, मिस."
त्यानंतर बराच वेळ
मिसना खडू सापडेना.

सिट ऑन द फेन्स आलं त्या आठवड्यात
कोपऱ्यावरच्या पाटीला कुणीतरी काळं फासलं होतं.
कुठल्या भाषेतल्या, ते सांगत नाही.
कुंपणावर बसणं, म्हणजे कुठलीच बाजू न घेणं.
वर्गात फक्त पंख्याचा आवाज.
मी खिडकीकडे, महांतेश बुटांकडे.
मग तोच म्हणाला,
कुंपण बसायला नसतंय, मिस.
बेलिये एद्दु होल मेय्दंते.
म्हणजे काय?
मी विचार न करताच सांगून टाकलं,
कुंपणच शेत खातं.
बारा वर्षं आम्ही एका भट्टीवर.
दोघांच्या घरात ही एकच म्हण आहे हे
कळावं कुठं, तर इंग्रजीच्या तासाला.
"तुमचं कुंपण खातं?" मिस म्हणाल्या,
"त्यांचं नुसतं बसू देतं."
"बरं हाय की मग त्येंचं," हवालदार.

अजून जर्मनीचा फोन आला की मी घाबरतो.
परवा गिऱ्हाइकानं विचारलं, हाऊ आर थिंग्ज,
मी त्याला स्टॉकमधले साडेचारशे पंप-हाउसिंग मोजून सांगितले.

कॉल इट अ डे शेवटच्या तासाला झालं.
पुरे आता, आजचं काम इथंच थांबवू.
आमची शिफ्ट सुटते सकाळी सातला.
उद्यमबागेतल्या गेटवर पंच करून,
भुवयांतली वाळू झटकत
महांतेश म्हणतो, कॉल इट अ डे, मर्दा.
आणि समोर खरोखरच दिवस,
नुकता उघडलेला,
चहाच्या गाड्यामागं पिवळा.

मी म्हणतो, येतो.
तो म्हणतो, बर्तीनि.
आणि दोघंही जातो.
चहावाला मागून ओरडतो, पैशांसाठी.
त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.