नूतनीकरणाचा अर्ज

परवान्यासोबत व्हरमाँट राज्याने
चार पानी प्रश्नावली पाठवली आहे.
वय? एकोणसत्तर.
आठवड्याचे तास? देल्फिन आर्शाँबो लिहिते चाळीस,
मग खोडून: दुकान उघडं असेल तितके.

पाच वर्षांत निवृत्त होणार का?
पेन अडतं.
बाहेर ट्रक थांबतो. गोठ्याच्या वासासकट
वेंडेल आत येतो,
रुमालातून बायकोची फ्रेम काढतो.
"हिच्यात माझा नंबर बसेल?"
ती गरम वाळूत दांड्या शेकते,
त्याच्या रुंद कानशिलांपर्यंत
हळूहळू उघडत नेते.
पैसे नंतर, म्हणते.

हाताखाली कोणी शिकतंय?
होती एक, मारिसोल. बर्लिंग्टनला गेली.
तिथे पगार आहे, विमा आहे.
बरं केलं पोरीनं.

दिवेलागणीला तिच्याच चष्म्याचा स्क्रू निसटतो,
तिळाहून बारीक.
चष्म्याशिवाय तो दिसायचा नाही,
तो सापडल्याशिवाय चष्मा नाही.
गुडघ्यांवर बसून फरशी चाचपताना
तिला हसू येतं:
सर्वांत जवळचा चष्मेवाला बेचाळीस मैलांवर,
तोही फक्त मंगळवारी.

टेबलावर अर्ज तसाच.
'होय' आणि 'नाही'चे चौकोन
इथून एकच दिसतात.