जाताना उजवीकडे

लिओनोर मिसनी विचारलंय,
या पुस्तकातून काय शिकलात, दहा ओळी.
मी समास आखला
आणि तुझ्या नाकाची रेघ काढत बसले.
तीन वळणं आहेत त्या नाकाला,
दुसऱ्यावर माझं पेन घसरतं.

पुस्तक उघडलं सारमानसच्या फेरीत.
पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत
तुझ्या शाळेचं छप्पर गेलेलं.
मी उतरलेच नाही. त्याच फेरीनं परत,
मग पुन्हा पलीकडे. चालत येणाऱ्याला तिकीट नसतं.
चार खेपांत तू सातवीतून नववीत आलीस,
काकाचा अकॉर्डियन पिठाच्या डब्यात मावेना म्हणून रडलीस,
आणि बाईंनी पट्टी लावून
तुझ्या कपाळावर आलेले केस मोजले.

आमच्याकडे स्कर्ट मोजतात.
पट्टी तीच, लाकडी, तीस सेंटिमीटरची.
हे दहा ओळींत येणार नाही,
मिसच्याच टेबलावर असते ती.

तुझं गाव तेलाचं.
धूर तू शाईनं भरलास, पानभर, इतका
की बोटाला लागला का म्हणून मी पाहिलं.
माझं गाव खनिजाचं.
आईच्या पांढऱ्या चादरी दोरीवर गुलाबी सुकायच्या.
मग खाणी थांबल्या, चादरी पांढऱ्या झाल्या,
आणि बाबा बार्ज सोडून टँकरवर गेले.
मला काढायचं तर एक लाल पेन पुरेल.

खरं सांगू, इराण माझ्यासाठी
बाबांच्या मेसेजमधली एक बाजू होती.
‘बाय, आतां उजव्या हाताक इराण गो. लायटी दिसतात.’
महिन्याभरानं, ‘आतां डाव्या हाताक.’
मागे इंजिनाची घरघर.
मी ‘हं’ पाठवायची
आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर जायची.

पुस्तकाच्या शेवटी टीप आहे
की तुझी लिपी उजवीकडून सुरू होते.
म्हणजे जाताना बाबा तुझ्या सुरुवातीपाशी असतात
आणि परतताना माझ्या.
हे फार शहाणं झालं. मिसना आवडेल.
खोडलं.

एकशे अठराव्या पानावर तुम्ही
पळून मावशीकडे, बंदरात.
गच्चीवर तू, समोर सगळं काळं,
त्यात जहाजं, पांढरे ठिपके, सात.
खाली लिहिलंस, त्यांच्यावर कोण असतं कुणास ठाऊक.
मी हिशेब केला.
बाबा तेव्हा पाचवीत, पिळगावच्या शाळेत,
सतराचा पाढा चुकत.
तरी सातही ठिपक्यांवर
एकेक बोट ठेवून पाहिलं.

परवापासून माझ्या मेसेजला एकच टिक आहे.
टीव्हीवर ती चिंचोळी सामुद्रधुनी,
तिच्यावर बाण, लाल गोल, पुन्हा बाण.
आईनं आवाज बंद केलाय, टीव्ही नाही.
मावशी सांतेरीला नारळ देऊन आली,
त्याचं खोबरं आज भाजीत होतं,
कुणी त्यावर बोललं नाही.

रात्री मी एक चौकट आखली.
आत आई, टीव्हीचा निळा उजेड.
साडी जमली. खुर्ची जमली. तोंड जमेना.
बॉम्ब पडले त्या रात्रीच्या सगळ्या पानांवर
तू तुझ्या आईला पाठमोरी काढलंस.
मी फेरीत हसले होते, म्हटलं, आळशी आहे ही.
माफ कर.
मीही तिला वळवलं.

दहा ओळी अजून कोऱ्या आहेत.
तुला एकच विचारायचं होतं.
खिडक्यांच्या काचा फुटून उडू नयेत म्हणून
फुल्या फुल्यांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या ना तुम्ही,
त्या नंतर निघाल्या का नीट?
बाबांनी फ्रीजवर लावलेला जहाजाचा स्टिकर
मी सहावीत असताना भांडणात ओढून काढला.
गोंद अजून हाताला लागतो.
आज दोनदा लागला.